वाऱ्याचा नकाशा

मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस गेल्या ३०-४० वर्षांत जी दाट वस्ती उभी राहिली, तिच्यातच बेव्हर्ली पार्क हा भाग येतो. नाव विलायती, जमीन मात्र खाजणाची. जेथे एके काळी भरतीचे पाणी, मिठागरांचे बांध आणि तिवरांची राने होती, तेथे आज इमारतीला इमारत लागून उभी आहे. १९८५ साली येथे नगर परिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि इमारतींच्या मागोमाग रस्त्याकडेची झाडेही आली : गुलमोहर, सोनमोहर, खोटा अशोक आणि सप्तपर्णी. ह्या व अशा झाडांतून, तसेच गवतांतून, जी सूक्ष्म धूळ वाऱ्यावर उडते तिचा नकाशा काढता येईल काय, आणि उद्या ती किती उडणार हे आज सांगता येईल काय, असा प्रश्न आमच्यापुढे आला. तो कसा आला ते प्रथम सांगितले पाहिजे.

२०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात आमच्या धर्मग्रामातील एका गृहनिर्माण सोसायटीने आपल्या कुंपणालगतच्या चार सप्तपर्णी तोडण्याचा विचार चालविला. त्या वृक्षांना फुले आली की मुलांचे खोकले वाढतात, रात्री दम लागतो, अशी रहिवाशांची तक्रार होती. नागरी क्षेत्रातील झाड तोडावयाचे तर १९७५ च्या राज्य कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची अनुमती लागते. अर्जावर सही करावी म्हणून काही मंडळी आमच्याकडे आली. सही करू नये म्हणून दुसरी मंडळी त्याच संध्याकाळी आली. दोन्ही मंडळी रविवारी एकाच बाकावर बसणारी! "फादर, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच काय ते सांगा," असे दोन्हीकडून ऐकल्यावर आम्ही मुदत मागून घेतली.

सप्तपर्णीबद्दल दोन शब्द येथे अस्थानी होणार नाहीत. इंग्रजीत हिला सैतानाचे झाड म्हणतात, आणि म्हणूनच की काय, तिच्याविरुद्ध सही मिळविण्यासाठी धर्मगुरूकडे जाण्याची कल्पना कोणाला तरी सुचली असावी. पण हिच्या शास्त्रीय नावातील दुसरा शब्द शाळेवरून आलेला आहे. हिच्या लाकडाच्या पाट्या विद्यार्थी लिहिण्यासाठी वापरीत. शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत पदवीदानाच्या वेळी हिचीच पाने देण्याची प्रथा आहे. पावसाळा सरला की हिला हिरवट पांढऱ्या फुलांचे झुबके येतात आणि संध्याकाळनंतर त्यांचा उग्र वास साऱ्या गल्लीत भरून राहतो. वास नाकाला कळतो, म्हणून माणूस दोष वासाच्या धन्याला देतो. तथापि वास आणि परागकण ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत. ज्या झाडांची फुले सुगंधी वा रंगीत असतात त्यांना बहुधा कीटकांना बोलवावयाचे असते. त्यांचे परागकण जड, चिकट आणि संख्येने बेताचे असतात. सप्तपर्णीचे परागण प्रामुख्याने कीटकच करतात. उलट ज्यांना वाऱ्याच्या भरवशावर राहावे लागते अशा वनस्पती — गवते, एरंड, सुरू, वावळा, माठ व चाकवताच्या जातीची तणे — फुलांवर काहीच खर्च करीत नाहीत. त्यांची फुले आपल्या लक्षातही येत नाहीत. पण तीच कोट्यवधी हलके, कोरडे कण वाऱ्यावर सोडतात. मोकळ्या भूखंडावर राडारोडा टाकला की तेथे सर्वप्रथम एरंड उगवतो. बेव्हर्ली पार्कच्या परिसरात अशा भूखंडांची उणीव कधीच नव्हती. एरंडाविरुद्ध मात्र आजवर कोणी अर्ज केलेला आमच्या ऐकिवात नाही.

उग्र वासाने दमेकऱ्याचा श्वास अडखळू शकतो, हे खरे आहे, आणि ज्या आईने रात्र मुलाला मांडीवर घेऊन काढली तिला वास आणि पराग ह्यांतील भेद सांगत बसणे शोभणारे नाही. पण सेमिनरीत तर्कशास्त्राच्या पहिल्याच वर्षी आम्हांला एक दोष शिकविला होता : एका गोष्टीच्या मागून दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळेच दुसरी घडली असे मानणे. ऑक्टोबरात सप्तपर्णी फुलते. ऑक्टोबरात गवतेही तुऱ्यावर येतात, पावसात भिजलेल्या भिंतींवरची बुरशी वाळून उडू लागते, रखडलेली बांधकामे पुन्हा सुरू होतात, आणि सकाळची हवा जड होऊन धूर खाली बसतो. पाच आरोपींपैकी जो अत्तर लावून हिंडतो तोच पकडला गेला, एवढाच ह्याचा अर्थ. खरा कोण, हे ठरवावयाचे तर मोजले पाहिजे.

हवा मोजण्याचा इतिहास मोठा रम्य आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर येथील डॉ. चार्ल्स ब्लॅकले ह्यांना स्वतःलाच उन्हाळी सर्दीचा त्रास होता. त्यांनी चिकट काचपट्ट्या पतंगाला बांधून हजार फुटांहून अधिक उंचीवर चढविल्या आणि वरच्या हवेतही गवतांचे पराग सापडतात हे दाखविले. त्यांचा ग्रंथ १८७३ साली निघाला. त्याच वर्षी आपल्या देशात, कलकत्त्यास, डग्लस कनिंगहॅम ह्या डॉक्टरांनी तुरुंगांच्या आवारातील हवेचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करून अहवाल प्रसिद्ध केला. पटकीसारखे रोग हवेतून येतात काय, हे त्यांना पाहावयाचे होते. त्यांना बीजाणू आणि पराग विपुल सापडले. रोगाशी त्यांचा मेळ मात्र बसला नाही, आणि तसे त्यांनी सरळ नमूद केले. पुढे १९५२ मध्ये इंग्लंडमधील हर्स्ट ह्यांनी जे यंत्र बनविले ते आजही जगभर प्रमाण मानतात. ते मिनिटाला १० लिटर हवा आत ओढते, म्हणजे शांत बसलेल्या माणसाच्या श्वासापेक्षा थोडीच जास्त, आणि तीतील कण सावकाश फिरणाऱ्या चिकट फितीवर टिपते. फीत कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की कोणत्या दिवशी, कोणत्या प्रहरी, कोणते कण आले ते वाचता येते. घनमीटर हवेत अमुक इतके कण, अशी नोंद होते.

ह्या कामात महाराष्ट्राचे नाव मागे नाही. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात प्रा. एस. टी. टिळक ह्यांनी वायुजीवशास्त्राची परंपराच उभी केली. परदेशी यंत्र महाग, म्हणून त्यांनी आर. एल. कुलकर्णी ह्यांच्यासह १९७० साली देशी बनावटीचे यंत्र तयार केले. आठ दिवस ते आपले आपण चालते. 'टिळक एअर सॅम्पलर' ह्या नावाने ते देशभरच्या प्रयोगशाळांत वापरले गेले. शेतांवरील रोगांचे बीजाणू, गोदामांतील धूळ, शहरांतील पराग, सगळे ह्या चिकट फितीने टिपले. टिळक हे आडनाव उच्चारताच आपल्याकडे दुसरेच स्मरण होते. ह्या टिळकांना साधा वाचक ओळखत नाही, ही आपल्या विज्ञानलेखनातील उणीव होय.

आता नकाशाकडे वळू. एका गच्चीवरील यंत्र त्या गच्चीची हवा सांगते. संपूर्ण शहराची सांगत नाही. तेथे भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे तरुण मंडळी जिला जीआयएस म्हणतात ती, उपयोगी पडते. कल्पना अशी करावी की एकाच गावाचे अनेक पारदर्शक कागद एकावर एक ठेवले आहेत. एकावर झाडे : कोणती, कोठे, किती उंच. दुसऱ्यावर गवताळ व पडीक जागा, ज्या उपग्रहाच्या चित्रातून ओळखता येतात. तिसऱ्यावर वारा, चौथ्यावर तापमान आणि पाऊस, पाचव्यावर यंत्रांनी मोजलेले आकडे, सहाव्यावर रुग्णांची वस्ती. झाड केव्हा फुलणार हे साठत गेलेल्या उष्णतेवरून पुष्कळसे ठरते. फुलले की वारा कोणत्या दिशेला नेणार, पाऊस केव्हा धुऊन काढणार, हे हवामानाच्या गणिताने काढतात. युरोपात ह्या पद्धतीने बर्च, ऑलिव्ह, गवत इत्यादींच्या परागांचा काही दिवस पुढचा अंदाज खंडभराच्या नकाशावर दाखविला जातो. फिनलंडच्या हवामान संस्थेने ह्या गणितात मोठी कामगिरी केली आहे.

हा केवळ श्रीमंतांचा शौक नव्हे. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी संध्याकाळी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरावर वादळ आले. गवतांचा फुलोरा ऐन भरात होता. परागकण ओलाव्याने फुगून फुटले, त्यांचे अतिसूक्ष्म तुकडे वाऱ्याबरोबर खाली उतरले आणि छातीत खोलवर गेले. हजारो लोक काही तासांत रुग्णालयांकडे धावले. १० जण दगावले. त्यांतील कित्येकांना आपणांस दमा आहे हे ठाऊकही नव्हते, कारण पूर्वी त्यांना केवळ शिंका येत. पुढच्याच वर्षी, २०१७ च्या ऑक्टोबरात, तेथील सरकारने अशा वादळी दम्याची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था सुरू केली. आपल्याकडेही परतीचा पाऊस ऑक्टोबरात विजा घेऊन येतो आणि गवतेही तेव्हाच तुऱ्यावर असतात. दोहोंचा संबंध आपल्या किनाऱ्यावर कितपत आहे, हे मोजल्यावाचून कोणी सांगू नये. पण मोजू नये, असे मात्र कोणी म्हणू नये.

आपल्या देशात चंदीगडने ह्या बाबतीत चांगले पाऊल टाकले. तेथील वैद्यकीय संशोधन संस्था आणि पंजाब विद्यापीठ ह्यांच्या संशोधकांनी हवेतील पराग टिपून शहराची पराग-दिनदर्शिका तयार केली. ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. कोणत्या महिन्यात कोणत्या वनस्पतीपासून जपावे, हे तीत सांगितले आहे. मुंबईच्या हवेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २०१५ साली 'सफर' ही अंदाजाची व्यवस्था आणली. तिचा भर धूळ, ओझोन आणि वायूंवर होता. झाडांचा कागद मात्र आपल्याकडे तयार होऊ लागला आहे. मुंबई महानगरपालिकेने ह्याच प्रणालीच्या साहाय्याने केलेल्या वृक्षगणनेत सुमारे ३० लाख झाडे नोंदली गेली. पुण्यातही अशी गणना झाली आहे.

आमच्या युवक मंडळातील एका मुलाने हे सारे ऐकून आपला मोबाईल पुढे केला. त्यावर मीरा रोडचा आजचा आकडा झळकत होता : झाडांचे पराग कमी, गवताचे मध्यम. "फादर, नकाशा तर खिशातच आहे!" आम्ही विचारले, "बाळा, मोजले कोणी?" असे आकडे जेथे यंत्र नाही तेथे जमिनीचे चित्र आणि हवामान ह्यांवरून गणिताने काढलेले असतात. ते खोटे नसतात. पण ते पडताळून पाहावयाला जवळपास एखादी चिकट फीत लागतेच. बेव्हर्ली पार्कच्या पूर्वेला व आग्नेयेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे १०० चौरस किलोमीटरहून मोठे अरण्य आहे, पश्चिमेला समुद्र. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून वारा येतो, दुपारनंतर समुद्रावरून. म्हणजे सकाळी शाळेला निघालेले मूल डोंगराकडची हवा घेते आणि संध्याकाळी खेळणारे मूल खाडीकडची. इतका बारीक फरक दूरच्या गणिताला दिसेलच असे नाही.

नोंदीचे महत्त्व किती, ह्याचे एक उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. गाजरगवत आज कोणाला ठाऊक नाही? त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, आणि बंगलोरच्या अभ्यासांत त्याचे पराग नाकाच्या विकारालाही कारण ठरले. हे तण मूळचे अमेरिकेतले. पुण्यात ते वाढताना आर. एस. राव ह्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पाहिले आणि १९५६ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात नोंदविले. त्यांची ही टीप होती म्हणून आज आपण एका विकाराचा प्रवास वर्षांच्या हिशेबाने मांडू शकतो. त्या काळात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची धुरा फादर सांतापाव ह्या येशूसंघीय धर्मगुरूंकडे होती, हे आमच्या वाचकांना कदाचित नवीन असेल. मूळचे स्पेनचे, खंडाळ्याच्या वनस्पतींवर त्यांचा ग्रंथ आहे, १९६७ साली ते पद्मश्री झाले. त्यांच्याही आधी स्वित्झर्लंडचे फादर ब्लाटर झाले. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आहे. तेथे वाळविलेल्या प्रत्येक फांदीखाली गाव आणि तारीख लिहिलेली असते. गाव आणि तारीख! परागांच्या नकाशाला मुळात दुसरे काय लागते?

पण हे सर्व झाडांचे कागद झाले. सहावा कागद, रुग्णांचा, कोणत्याही उपग्रहाला दिसत नाही. तो कसा भरावयाचा, हे आम्हांला एका जुन्या गोष्टीत सापडले. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीने सहाशेहून अधिक माणसे मेली. डॉ. जॉन स्नो ह्यांनी मृत्यूंचा नकाशा काढून दोष एका हातपंपाच्या पाण्याकडे दाखविला, ही कथा शालेय पुस्तकांतही येते. त्या भागातील अँग्लिकन चर्चचे तरुण धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड मात्र अनेकांना ठाऊक नसतात. स्नो ह्यांचे म्हणणे खोडून काढण्यासाठी ते घरोघर हिंडले. कोण कोठले पाणी प्याले, कोण कोणत्या दिवशी आजारी पडले, हे लोकांनी त्यांना सांगितले, कारण ते त्यांच्या घरातले होते. शेवटी त्यांच्याच नोंदींनी स्नो ह्यांचे म्हणणे खरे ठरविले. विहिरीजवळच्या घरातील ज्या आजारी बाळाच्या दुपट्यांच्या धुण्यापासून साथ सुरू झाली असावी, ते बाळही व्हाइटहेड ह्यांनीच शोधून काढले.

आम्ही पास्काच्या सणानंतर घरांना आशीर्वाद देण्यासाठी जातो तेव्हा प्रत्येक खोलीत पवित्र जल शिंपडतो. त्यामुळे ज्या खोलीत पाहुण्याला नेत नाहीत, तीही आम्हांला दिसते. पंख्याच्या मागे काळी बुरशी धरलेली भिंत दिसते. कपाटावर फडक्याखाली झाकलेले वाफेचे यंत्र दिसते. एका घरात वेदीवरच्या पुतळ्यामागे निळा पंप ठेवलेला होता. घरातील बाईंनी तो आमच्या नजरेस पडलेला पाहिला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "फादर, हे कुणाला बोलू नका. पोरीचं लग्न जमायचं आहे." आम्ही कोणाला बोललो नाही, येथेही घर ओळखू येईल असे काही लिहीत नाही. परंतु अशी घरे एक-दोन नाहीत. पंप घेतला की सवय लागते, पंप म्हणजे शेवटची पायरी, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनही ऐकू येते. वस्तुतः पंपातील औषधाची मात्रा गोळीपेक्षा पुष्कळ कमी असते, कारण ते थेट श्वासनलिकेत जाते. मुलगी रात्रभर उशीला टेकून बसते आणि सकाळी तिची आई शेजारणीला सांगते की तिला जरा सर्दी आहे. लपविलेल्या खोकल्याचा नकाशा कोण काढणार? वृक्ष प्राधिकरणाला दाखविण्यासाठी दमा सर्वांना होता. दुसऱ्या दिवशी तो कोणालाच नव्हता.

म्हणून आम्ही सोसायटीच्या दोन्ही पक्षांना एकच विनंती केली. अर्जाचे काय व्हावयाचे ते होवो; तूर्त प्रत्येक घराने भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करावी. मुलाची रात्र वाईट गेली की त्या तारखेवर एक फुली. नाव लिहू नये, फक्त इमारत आणि मजला. वर्षअखेरीस पाने फाडून आमच्या कार्यालयाच्या पेटीत टाकावीत. एकंदर १९ घरांनी पाने दिली. हे शास्त्र नव्हे, आणि १९ घरांवरून निष्कर्ष काढू नये, हे आम्ही जाणतो. तरीही त्या फुल्या एका मोठ्या कागदावर मांडल्या तेव्हा सारेच काही वेळ गप्प झाले. ज्या मुलासाठी हा अर्ज मूळात निघाला होता त्याच्या फुल्या ऑगस्टपासूनच होत्या, सप्तपर्णीला एकही कळी नसताना. त्याची खोली पश्चिमेची, भिंत गळकी. पुढे त्वचेवर टोचून केलेल्या परीक्षेत डॉक्टरांना बुरशी आणि घरधुळीतील किडे ह्यांचीच ॲलर्जी आढळली. दुसऱ्या एका मुलीच्या फुल्या मात्र खरोखरच फुलांच्या दिवसांत दाटल्या होत्या. वासाने की शेजारच्या भूखंडावरील गवताने, ते आम्हांला सांगता येत नाही. आणि सहा घरांत फेब्रुवारीमध्ये फुल्यांचा एक पुंजका होता, ज्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. त्या दिवसांत डोंगराकडचे वावळे फुलतात. रस्त्याचे खोदकामही त्याच दिवसांत चालले होते.

चारही वृक्ष अद्याप उभे आहेत. अर्ज मागे घेतलेला नाही, पुढेही रेटलेला नाही. गळकी भिंत त्या उन्हाळ्यात सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करून दिली. त्यासाठी मतदान घ्यावे लागले नाही.

वनस्पतिशास्त्र शिकणारी आमच्या धर्मग्रामातील एक विद्यार्थिनी आता म्हणते की टिळकांच्या पद्धतीचे यंत्र मिळाल्यास ती दर आठ दिवसांनी फीत बदलून कण मोजावयास तयार आहे. जागा म्हणून आम्ही चर्चची गच्ची देऊ केली आहे. आजूबाजूच्या इमारती उंच असल्याने ती जागा योग्य ठरेल की नाही, हे तिच्या प्राध्यापकांनी येऊन पाहावयाचे आहे. वित्त समितीने वीज किती लागेल असे विचारले आणि विषय पुढील बैठकीवर ठेवला. दरम्यान त्या विद्यार्थिनीने परिसरातील एरंडाची झुडपे नकाशावर टिपण्यास आरंभ केला आहे. आतापर्यंत ४३ झाली, त्यांपैकी दोन आमच्याच कुंपणाच्या आत.